वय झालं, म्हणजे काय झालं?

लग्नात, बारशात, अगदी दहाव्याला भेटलं तरी एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. "सध्या काय करतेस गं?" मी सांगते, जनावरांच्या दवाखान्यात असते. "अच्छा, म्हणजे गाई-म्हशी!" नाही, मांजरं. "मांजरं?" हो. आणि त्यातही म्हातारी. यावर समोरची व्यक्ती एकदा माझ्याकडे बघते, एकदा माझ्या नवऱ्याकडे बघते आणि "जेवलीस का?" म्हणून विषय बदलते.

नातेवाइकांपैकी बरीच मंडळी इथं येऊन वाचून जातात हे मला ठाऊक आहे (काही बोलत नाहीत, पण वाचतात!). म्हणून म्हटलं, एकदा काय ते सविस्तर लिहून टाकावं. म्हणजे पुढच्या लग्नात थेट पंगतीला बसता येईल.

माझं शिक्षण पशुसंवर्धनाच्या पदविकेचं. सुरुवातीची वर्षं खेड्यांतून गेली. शेळ्यांना लसी, बैलांच्या खांद्याच्या जखमा, रात्री दोन वाजता अडलेल्या म्हशीजवळ बॅटरी धरून उभं राहणं. मांजर तेव्हा माझ्या खिजगणतीतही नव्हतं. खरं सांगायचं तर ते सरकारच्याही खिजगणतीत नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, घोडा, गाढव, उंट सगळे मोजले. कुत्रे मोजले. ससे मोजले, हत्तीही मोजले. मांजर नाही! घराघरात, दुकानादुकानात, चुलीपाशी आणि माळ्यावर राहणारा हा प्राणी कुठल्याच तक्त्यात नाही.

पुढं जळगावच्या एका खासगी दवाखान्यात काम मिळालं. तिथले डॉक्टर कुत्र्या-मांजरांचे. मला तिथं कुणी सिस्टर म्हणतं, कुणी कंपाउंडर, आणि एक काका 'मांजरवाल्या मॅडम' म्हणतात. इंग्लंडमध्ये या कामाला व्हेटर्नरी नर्स म्हणतात आणि तो रीतसर नोंदणीचा व्यवसाय आहे. तिथं या प्रशिक्षणाची योजना १९६१ साली सुरू झाली, पण 'नर्स' हा शब्द माणसांच्या नर्सपुरता राखीव, म्हणून या मुलींना नुसतं 'ऑक्झिलरी' म्हणायचे. स्वतःला नर्स म्हणवून घ्यायला त्यांना १९८४ साल उजाडलं. गंमत म्हणजे त्याच १९८४ साली आपल्याकडे भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा झाला. त्यानुसार उपचाराचा अधिकार नोंदणी झालेल्या पशुवैद्यकाला. पदविकावाल्यांना राज्य सरकार ठरवून देईल त्या किरकोळ सेवा, त्याही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. नर्स अशी वेगळी नोंदणी आपल्याकडे नाही.

म्हणून मी रोगाचं नाव सांगत नाही, औषध लिहून देत नाही. ते डॉक्टरांचं काम. मी मोजते, विचारते आणि वहीत लिहिते. महिन्याच्या पहिल्या रविवारी जळगावला आणि तिसऱ्या रविवारी धुळ्याला, देवपुरात, आमच्या डॉक्टरांच्या एका मित्राच्या दवाखान्यात. धुळं माझं माहेर, त्यामुळे एरंडोल-पारोळा करत एसटीनं जायचं, आईच्या हातचं जेवायचं आणि संध्याकाळी परत. हे दोन रविवार फक्त म्हाताऱ्या मांजरांचे. कुत्री नाहीत, त्यामुळे भुंकणं नाही, पळापळ नाही. एका मांजराला अर्धा तास.

म्हातारं म्हणजे किती? मांजराचं पहिलं वर्ष माणसाच्या पंधरा वर्षांएवढं, दुसऱ्या वर्षाअखेर चोवीस, आणि पुढं दर वर्षाला चार मिळवत जायचं. दहा वर्षांचं मांजर म्हणजे छप्पन्न वर्षांचं माणूस. पंधरा वर्षांचं मांजर म्हणजे शहात्तर. दहाच्या पुढं गेलं की ते आमच्या रविवारचं गिऱ्हाईक.

हे गिऱ्हाईक येतं कशातून ते बघण्यासारखं असतं. मांजर न्यायची जाळीदार पेटी फार थोड्यांकडे. बाकीची येतात बाजाराच्या पिशवीतून, उशीच्या अभ्र्यातून, आणि आमचा जिल्हा केळीचा असल्यामुळे केळीच्या प्लॅस्टिक क्रेटमधून, वर दुसरा क्रेट पालथा घालून सुतळीनं बांधलेला. मी कुणालाही ओढून बाहेर काढत नाही. पिशवीचं तोंड सोडते, बाजूला बसते आणि घरच्या माणसाशी बोलत राहते. पाच-सात मिनिटांनी एक डोकं बाहेर येतं. मग मिशा. मग बाकीचं मांजर.

आधी वजन. आमच्याकडे तान्ह्या बाळांचा काटा आहे, वरती पसरट पाळणा असलेला. जळगावच्या माणसाला वजनाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. सराफ बाजारात एक ग्रॅम इकडचा तिकडे झाला तर माणूस दुकान डोक्यावर घेतो. पण तोच माणूस "मांजर जरा वाळलंय, वय झालं ना" असं सहज म्हणून जातो. चार किलोचं मांजर साडेतीनवर आलं तर डोळ्याला काही दिसत नाही, वरचे केस सगळं झाकतात. आणि ते अर्धा किलो म्हणजे साठ किलोच्या बाईचे साडेसात किलो! घरातली बाई काहीही न करता साडेसात किलो उतरली तर आपण दवाखाना गाठू की नाही?

अंगणवाडीत बाळांचा वजनाचा तक्ता असतो ना, हिरवा, पिवळा, लाल पट्टा असलेला? तसाच तक्ता मी प्रत्येक मांजराचा ठेवते. फरक एवढाच की बाळाची रेघ वर जायला हवी, माझ्या मांजरांची सपाट राहिली तरी मी खूश.

वजनानंतर हात फिरवायचा. पाठीच्या मणक्यावर मांस आहे की नुसती हाडं लागतात? केसांचे गुंते झालेत का? (मांजर स्वतःचं अंग चाटायचं सोडतं तेव्हा त्याला कुठंतरी वळताना दुखत असतं.) नखं बघायची. म्हाताऱ्या मांजराची नखं जाड होतात, झिजत नाहीत आणि गोल वळून थेट पंजाच्या गादीत घुसतात. तोंड उघडून दात, हिरड्या. आणि मग प्रश्न. "पाणी जास्त पिते का? वाळू पूर्वीपेक्षा जास्त ओली होते का? रात्री ओरडते का? आधी कुठवर उडी मारायची आणि आता कुठवर?"

या शेवटच्या प्रश्नाला लोक थबकतात. कारण उत्तर सगळ्यांना माहीत असतं, फक्त कुणी विचारलेलं नसतं.

दाणा बाजारातल्या एका दुकानातला बोका आहे, नाव मुनीम. वय बारा. तरुणपणी तुरीच्या पोत्यांच्या थप्पीवर सगळ्यात वर बसायचा आणि तिथून अख्ख्या दुकानाचा हिशेब ठेवायचा, म्हणून मुनीम. शेठजी त्याला घेऊन आले ते तक्रार घेऊन, "आळशी झाला हो. खालीच पडून असतो. उंदीर समोरून गेला तरी उठत नाही." मुनीमच्या मागच्या पायांवर डॉक्टरांनी हात ठेवला तसा तो गुरगुरला. एक्स-रेमध्ये दोन्ही खुब्यांची झीज. २००२ साली अमेरिकेत बारा वर्षांच्या पुढच्या शंभर मांजरांचे एक्स-रे पाहिले होते, त्यांतल्या नव्वदांच्या सांध्यांत अशी झीज होती. शंभरात नव्वद! आणि मांजर लंगडतच नाही. ते फक्त उड्या मारणं कमी करतं आणि आपण म्हणतो आळशी झालं.

औषध डॉक्टरांनी दिलं. माझं काम वेगळं होतं. मी शेठजींना म्हटलं, थप्पीच्या शेजारी पायरी करा. एक पोतं, मग दोन, मग तीन. पुढच्या महिन्यात त्यांनी मोबाइलवर फोटो आणून दाखवला. मुनीम सगळ्यात वर, डोळे अर्धे मिटून, हिशेब तपासत बसलेला. शेठजी फोटो दाखवताना नाव सांगेनात, नुसतेच हसत होते.

सगळ्याच गोष्टी अशा पायरीनं सुटत नाहीत, हेही सांगायला हवं. म्हाताऱ्या मांजरांचा मोठा वैरी म्हणजे मूत्रपिंडाचा आजार. मांजराचे मूळ पूर्वज वाळवंटी मुलखातले, त्यामुळे त्याला तहान मुळातच कमी, शिकारीच्या मांसातलं पाणी त्याला पुरायचं. आपण त्याला कोरडं खाणं देतो आणि वर आमचा खान्देशातला मे महिना, पारा पंचेचाळिसाला टेकलेला. मूत्रपिंडाचं दोन तृतीयांशाहून जास्त काम बंद पडेपर्यंत बाहेरून फार काही दिसत नाही. दिसतं ते एवढंच की मांजर पाणी जास्त पितंय. आणि घरचे खूश असतात, "उन्हाळ्यात पाणी छान पितं हो आमचं!"

गेलेलं मूत्रपिंड परत येत नाही. पण लवकर कळलं तर खाणं बदलून, पाणी वाढवून वर्षं मिळतात. पाण्याचं भांडं खाण्याच्या ताटलीजवळ ठेवू नये, मांजराला ते आवडत नाही. घरात तीन ठिकाणी मातीचे परळ भरून ठेवावेत, गारही राहतात. धुळ्याचे एक निवृत्त बँकवाले काका आहेत, त्यांच्या चौदा वर्षांच्या मांजरीला डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन द्यायला सांगितलं. रोज रिक्षा करून आणणं काकांनाही जमेना आणि तिलाही सोसेना. मग मी त्यांना शिकवलं. मानेमागची कातडी चिमटीत कशी उचलायची, सुई कुठं, किती आत, बाटली किती उंच. पहिल्या दिवशी काकांचे हात एवढे थरथरत होते की काकूंनी सुई काढून घेतली. आता काका स्वतः देतात. 'कालनिर्णय'च्या खिळ्याला बाटली अडकवतात, मांजर मांडीवर, समोर बातम्या. सलाईन किती गेलं ते कालनिर्णयच्याच त्या दिवसाच्या चौकोनात लिहितात. दुधाचा हिशेब आणि मांजरीचं सलाईन शेजारी शेजारी!

आणखी एक गोष्ट इथं नाजूक आहे, ती म्हणजे खाणं. आमच्या गावात अंडंसुद्धा घरात न येणारी कितीतरी घरं आहेत आणि त्या घरांत मांजरं आहेत, अतिशय लाडाची. त्यांना वर्षानुवर्षं दूध-पोळी. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचतच नाही हे एक, आणि पोळीत टॉरीन नसतं हे दुसरं. टॉरीन हा मांसातून मिळणारा घटक. कुत्र्याचं शरीर तो बऱ्यापैकी स्वतः बनवतं, मांजराचं पुरेसा बनवू शकत नाही. तो कमी पडला तर डोळ्याचा पडदा जातो. हृदयही त्यानेच फुगतं हे १९८७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं, तेव्हापासून तयार खाद्यांतलं टॉरीन वाढलं. अशीच एक मांजर आली, नऊ-दहा वर्षांची. भिंतीला घासून चालायची. वहिनींना वाटत होतं वयानं दिसत नसेल. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या घरात ते चालणार नाही हो, सासूबाई आहेत." मी म्हटलं, वहिनी, तुमचा धर्म तुम्ही पाळा, तिचा तिला पाळू द्या. तयार खाद्याची पिशवी मागच्या व्हरांड्यात, ताटली वेगळी, हात वेगळा. सासूबाईंनी तीन दिवस अबोला धरला म्हणे. चौथ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "तिनं खाल्लं का?" गेलेली नजर परत आली नाही, पण हृदयाचं काम सुधारलं. आता व्हरांड्याची वस्तू न वस्तू जागच्या जागी असते, म्हणजे तिला आपटायला होत नाही. ही युक्ती सासूबाईंची.

जी मांजरं काट्यावर बसतच नाहीत त्यांच्यासाठी आम्ही एक साधा माणसांचा वजनकाटाही ठेवलाय. मांजराला कडेवर घेऊन उभं राहायचं, मग एकट्यानं उभं राहायचं, वजाबाकी करायची. हा काटा आल्यापासून एक वेगळंच सुरू झालं. मांजराचं झालं की आज्या हळूच विचारतात, "माझं किती भरलं गं?" घरात काटा नाही, डॉक्टरकडे उगीच कोण जाणार! एका मावशींचे आकडे चार महिन्यांत एकोणपन्नासवरून त्रेचाळीसवर आलेले माझ्या वहीत होते. मांजराच्या वजाबाकीमुळे आपोआपच लिहिले गेलेले. मांजर होती तशीच होती, साडेतीन किलो. मी एवढंच म्हटलं, "मावशी, हा कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन या." त्या म्हणाल्या, "अगं वय झालं माझं." मी म्हटलं, वय आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेल्या त्या. साखर निघाली, तीही चांगली भरपूर. आता गोळ्या सुरू आहेत.

'वय झालं' हे दोन शब्द मला हल्ली फार खटकतात ते यामुळेच. ते ऐकायला समजूतदार वाटतात, पण ते उच्चारले की पुढचा प्रश्नच संपतो. वाळली का? वय झालं. उडी का मारत नाही? वय झालं. रात्री का ओरडते? वय झालं. आणि खरं कारण कधी रक्तदाब असतो, कधी थायरॉइड (खूप खाऊनही वाळणारं मांजर दिसलं की आमचे डॉक्टर आधी तिकडेच बघतात), कधी नुसता एक किडलेला दात.

दातावरून धुळ्याची गोष्ट सांगायलाच हवी. खरं तर ती सांगण्यासाठीच हे लिहायला बसले.

गेल्या मे महिन्यातला रविवार. सकाळी साडेनऊला रिक्षातून एक आजी उतरल्या. हातात लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली मांजर. आमच्याकडे पहिल्यांदाच येत होत्या. "मन्ही मनी काय करी राह्यनी दख बरं," एवढंच म्हणाल्या, माझी मनी काय करतेय बघ जरा. मनी तेरा वर्षांची. तोंड सुजलेलं, पुढचे पंजे सुजलेले, श्वास भराभर. मी ओठ उचलून हिरड्या पाहिल्या. गुलाबी असायला हव्यात, त्या तपकिरी होत्या, चॉकलेटसारख्या. मी डॉक्टरांना हाक मारली आणि आजींना विचारलं, "आजी, हिला काही दिलं का?"

दिलं होतं. मनी दोन दिवस जेवत नव्हती. आजींनी अंगाला हात लावून पाहिला, गरम लागलं. ताप असेल म्हणून घरातली तापाची गोळी, पॅरासिटामॉल, अर्धी कुटून रात्री दुधातून पाजली. नातवंडांना देतात तशीच. प्रेमानं.

इथं मला प्रत्येकाला हात जोडून सांगायचंय. मांजराचं नेहमीचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. आपल्या हाताला मांजर कायमच गरम लागतं. तो ताप नव्हे. आणि पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकण्याची जी सोय माणसाच्या यकृतात असते ती मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. त्याचं विष होतं, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं आणि तपकिरी पडतं. पाचशेच्या अर्ध्या गोळीनं मोठं मांजर जाऊ शकतं. यावर उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन नावाचा, तो माणसांच्या औषधांतही मिळतो. पण तो तासांच्या हिशेबात द्यावा लागतो. मनीला मिळाला तेव्हा रात्र उलटून गेलेली होती. ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं. दुपारी बाराच्या सुमारास ती गेली.

तोंड तपासताना डॉक्टरांना डाव्या बाजूला एक दाढ सापडली होती, मुळापर्यंत किडलेली, आत पू झालेला. म्हणून ती जेवत नव्हती. भूल देऊन काढली असती तर सुटली असती.

आजी बाकावर बसून होत्या. लुगड्याचा तो तुकडा घडी घालून मांडीवर ठेवलेला. मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "मी मारी टाकं का तिले?" मीच मारलं का तिला?

अशा वेळी काय बोलायचं हे कुठल्याही पदविकेत शिकवत नाहीत. "नाही हो आजी, वय झालं होतं तिचं," एवढं म्हटलं असतं तर त्या निदान थोड्या हलक्या मनानं घरी गेल्या असत्या. शब्द अगदी ओठावर होते. पण त्यांच्या घरात अजून दोन मांजरं होती. शेजारी होत्या. ती गोळीची पट्टी अजून फडताळात होती. आणि त्यांनी मला सरळ प्रश्न विचारला होता. ऐंशीच्या घरातल्या बाईला खोटं सांगून गप्प बसवणं म्हणजे तिच्याही बाबतीत 'वय झालं' म्हणण्यासारखंच झालं असतं.

मी म्हटलं, "आजी, गोळीनंच गेली. पण ही गोळी मांजराला चालत नाही हे तुम्हाला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्या पोरांना तीच देतो आपण. तुम्ही तिला बरं करायला दिली."

त्या रडल्या नाहीत. डोक्यावरचा पदर सारखा केला. बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग आते बठासले सांग." मग आता सगळ्यांना सांग.

त्यांना घरी सोडायला मी रिक्षात सोबत गेले. अंगणातल्या कडुलिंबाखाली त्यांच्या नातवानं खड्डा केला. येताना आजींनी ती गोळ्यांची पट्टी माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, आजी, तुम्हाला लागेल की, तुमच्यासाठी ती चांगली आहे. तर म्हणाल्या, मग वरच्या फळीवर ठेव, मांजराच्या डब्यापासून लांब.

आता दोन्ही दवाखान्यांत भिंतीवर एक कागद लावलाय. जळगावला मराठीत आणि धुळ्याला त्याखाली अहिराणीतही. अहिराणीतलं वाक्य आजींनीच सांगितलंय, "मानूसनी गोयी मांजरले देवानी नही." माणसाची गोळी मांजराला द्यायची नाही. यात अंगदुखीच्या, सांधेदुखीच्या गोळ्याही आल्या. आणि कुत्र्याच्या मानेवर गोचिडांसाठी टाकतात ते परमेथ्रिनचं औषधही. मांजराला ते झटके आणतं.

तर मंडळी, म्हाताऱ्या मांजरांची नर्स असते म्हणजे मी हे करते. तुमच्याकडे दहाच्या पुढचं मांजर असेल तर माझ्यासाठी एवढं करा. महिन्याच्या एक तारखेला त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी कॅलेंडरवर लिहा. घरच्या काट्यावर थोडंफार इकडंतिकडं होतंच, म्हणून दोनदा करा. रेघ खाली जायला लागली की वाट बघू नका, दाखवून आणा. झोपलेलं असताना मिनिटाला श्वास मोजा, तीसच्या वर जात असतील तरी दाखवा. दोन दिवस जेवलं नाही तर तिसऱ्याची वाट नको, मांजराचं यकृत उपास सहन करत नाही. आणि औषधाचा डबा उघडायच्या आधी फोन करा. मला करा, कुणालाही करा.

काटा घेताना काही काकू कुरकुरतील, "एवढं कोण करतंय मांजराचं!" त्यांना सांगा, स्वतःचंही वजन होतंय, फुकटात :-)

असो, बरंच लांबलं. येत्या रविवारी मी धुळ्याला आहे. पारोळ्याहून सकाळी कुणी गाडीनं त्या बाजूला जाणार असेल तर जरूर कळवा. तिथल्या एका मास्तरांची सोळा वर्षांची मांजर आणायची आहे, मास्तरांना एसटीत क्रेट घेऊन चढवत नाही.